रोज भेटतो, तरी ओळख होत नाही

गोव्यात कुठल्याही वाड्यावर चोरी झाली की पोलीस यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. घाट्यांचं, म्हणजे घाटापलीकडून आलेल्या परप्रांतीयांचं, काम. बाईच्या गळ्यातली साखळी ओढली, घाटी. देवळाची फंडपेटी फोडली, घाटी. रस्त्याच्या कडेला कचऱ्याची पिशवी दिसली तरी तेच. मग कधीतरी महिन्याभरानं पकडलेला माणूस आपल्याच तालुक्यातला निघतो आणि तेव्हा तीच तोंडं काय बोलतात ते नीट ऐका. व्यसनाला लागला होता, संगत वाईट, बापानं लक्ष दिलं नाही, नोकरी कुठं मिळते हल्ली. म्हणजे आपल्यातल्यानं केलं तर त्याला कारणं असतात, परिस्थिती असते, आणि भायल्यानं, म्हणजे बाहेरच्यानं, केलं तर तो मुळातच तसा, त्याची जातच तशी. थॉमस पेटिग्र्यू नावाच्या सोशल सायकॉलॉजिस्टनं १९७९ साली नेमकं हेच लिहून ठेवलंय, आणि त्यानं पुढचा अर्धा भागही सांगितलाय जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, की समोरच्या गटातल्या माणसानं काही चांगलं केलं तर ते आपण त्याच्या गटाच्या खात्यावर जमाच करत नाही. नशीब म्हणतो, नाहीतर म्हणतो हा एक वेगळा आहे.

मी फोंड्याकडची, बारावीच्या मुलांना सायकॉलॉजी शिकवते. पूर्वग्रह हा विषय दरवर्षी येतो. मुलं उत्तरं छान लिहितात, अमेरिकेतले गोरे-काळे, जात, हिंदू-मुसलमान, सगळं येतं. पण गोव्यातलं उदाहरण सांगा म्हटलं की वर्ग गप्प. कारण त्याच वर्गात गदगकडची, बागलकोटकडची मुलं बसलेली असतात, इथंच जन्मलेली, माझ्यापेक्षा सफाईनं कोंकणी बोलणारी, आणि शेजारच्या बाकावरच्यांना माहीत असतं की उदाहरण दिलं तर कुणाकडे बघून द्यावं लागेल. ती शांतता मला फार टोचते. म्हणून आज हे लिहितेय.

या विषयावर बोलणं निघालं की बहुतेक जण म्हणतात, अगो, लोक एकमेकांत मिसळले की हे आपोआप कमी होतं, काळ जाऊ दे. मला हे पटत नाही. आपण मिसळलेलो नाही असं कोण म्हणतो? गोव्यातलं एक तरी घर दाखवा ज्याला परप्रांतीय माणसाचा हात लागलेला नाही. गवंडी विजापूरचा, सेंट्रिंगवाले ओडिशाचे, सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या गाड्यावरची भाजी चोर्ला घाटातून बेळगावहून येते, जेटीवर ट्रॉलरवरचे खलाशी झारखंडचे नाहीतर ओडिशाचे, पाव भाजणारासुद्धा बऱ्याच गावांत आता कर्नाटकातला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही माणसं गावी गेली तेव्हा १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठूनही कितीतरी ट्रॉलर जेटीला बांधूनच राहिले होते, खलाशीच नव्हते. इतके आपण रोज त्यांच्यासोबत आहोत, काही घरांत तर दुसरी पिढी येतेय कामाला. वीस-पंचवीस वर्षं एकच बाई भांडी घासायला येते आणि तिचं आडनाव घरात कुणाला माहीत नसतं.

तेव्हा प्रश्न भेटण्याचा नाहीच. कुठल्या नात्यानं भेटतो, तो आहे. हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट १९५४ मध्ये हेच म्हणत होता आणि लोकांनी त्याचं अर्धंच वाक्य लक्षात ठेवलं, की संपर्क आला की पूर्वग्रह कमी होतो. त्यानं अटी घातल्या होत्या. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी सारखा पाहिजे, दोघांना हवी असलेली गोष्ट एकच पाहिजे, ती मिळवायला एकमेकांची मदत लागली पाहिजे आणि वरून, म्हणजे कायदा, शाळा, पंचायत, जे कोण वरिष्ठ असतील त्यांचा पाठिंबा पाहिजे. आता सांगा, माझ्या अंगणात गवंडी काम करतोय आणि मी वरून सांगतेय की लादी वाकडी बसली, यात यातली एक तरी अट आहे का? तो माझ्यासमोर मान खाली घालूनच उभा राहणार. आणि मग आम्हीच म्हणतो, ही माणसं तोंड उघडून बोलत नाहीत, काय मनात असतं कळत नाही. अशा भेटीतून पूर्वग्रह कमी तर होत नाहीच, उलट रोज त्याला पुरावा मिळत राहतो, कारण आपण त्याला पाहतो तेच मुळी घामानं, चिखलानं माखलेला, थकलेला, हिशेबासाठी हुज्जत घालणारा असा. तो संध्याकाळी खोलीवर पोराचा अभ्यास घेतो ते आपल्याला कधी दिसतच नाही.

याच १९५४ साली, अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये, मुझफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञानं तो गाजलेला कॅम्प केला. बावीस मुलगे, अकरा-बारा वर्षांचे, सगळे गोरे, सगळे एकाच धर्मपंथाचे, मध्यमवर्गीय घरांतले, एकमेकांना अनोळखी. म्हणजे भांडायला मुद्दामहून काही कारण ठेवलं नव्हतं. दोन गट केले, आधी वेगवेगळे ठेवले, मग रस्सीखेच, बेसबॉल अशा स्पर्धा लावल्या, बक्षीस एकाच गटाला. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्याच्या केबिनवर धाड घालणं, सगळं सुरू झालं. पुस्तकात हा भाग सगळ्यांना आठवतो. मला त्यानंतरचा भाग आठवतो. शेरीफनं आधी या दोन गटांना नुसतं एकत्र आणून बघितलं, एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. काही उपयोग झाला नाही, पोरांनी जेवणाच्या हॉलमध्ये एकमेकांवर अन्न फेकलं. नुसती भेट! मग पाण्याची लाईन बंद पडली, तीही मुद्दाम पाडलेली, आणि ती सगळ्यांनी मिळून शोधल्याशिवाय पाणी येईना. जेवण आणणारा ट्रक अडकला, तो सगळ्यांनी दोर लावून ओढला, रस्सीखेचेला जो दोर वापरला होता तोच. असं एकापाठोपाठ एक होत गेलं तेव्हा कुठं भांडण निवळलं आणि परत जाताना पोरं एकाच बसनं गेली.

याच्या आदल्या वर्षी, १९५३ ला, शेरीफनं न्यूयॉर्क राज्यात असाच एक कॅम्प केला होता आणि तो फसला. तिथं मुलांना आधी एकत्र राहू दिलं, त्यांची दोस्ती झाली आणि मग गट पाडले. पोरं भांडेचनात. मोठ्यांनी खोड्या काढून बघितल्या, पोरांनाच संशय आला की हे मोठी माणसं करतायत. शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. हा फसलेला प्रयोग मला गाजलेल्यापेक्षा मोठा वाटतो. आधी दोस्ती झाली असेल तर नंतर मध्ये रेघ मारणं किती कठीण जातं ते त्यात दिसतं. याच्यावर मी परत येते.

आता कुणीतरी म्हणेल, तुला काय, तू छान छान बोलतेस, जमीन चाललीय आमची. बरोबर आहे, जमीन चाललीच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, एवढ्याशा राज्यात डोंगर कापून व्हिला उभे राहतायत, टीसीपी म्हणजे नगरनियोजन कायद्यातली, जमिनीचं रूपांतर सोपं करणारी १७(२) आणि ३९अ ही कलमं आज गावातल्या भाजीवालीलाही पाठ आहेत. हा राग खरा आहे, माझाही आहे, मी स्वतः ग्रामसभेत उभी राहून बोललेय. पण बघा हा राग पोचतो कुठं. जमीन विकणारा आपला, रूपांतराचा अर्ज मंजूर करणारा आपण निवडून दिलेला, घेणारा दिल्ली-मुंबईचा कुणीतरी जो वर्षातून पंधरा दिवस येतो आणि ज्याला गेटवर आपणच सलाम ठोकतो. आणि शिवी कुणाला? त्या व्हिलाच्या पायावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लमाणी बाईला, जिचं पोर वाळूच्या ढिगावर झोपलंय. ती बोलू शकत नाही, तिचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून तिला. जमिनीचं आंदोलन मला हवंच आहे, अजून जोरात हवंय. पण 'घाट्यांना हाकला' हा जमिनीचा मुद्दाच नाही. तो मुद्द्याला फाटा फोडतो, आणि ज्यांनी जमिनी विकल्या ते हे ऐकून निवांत झोपतात.

आणि आपण मराठीवाल्यांनी तर हे कुणापेक्षाही आधी ओळखायला हवं. आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, आरत्या मराठी, नाटक मराठी, पिढ्यान्‌पिढ्या असंच. आणि तरी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलानंतर, जिथं चौतीस हजार मतांनी महाराष्ट्रातलं विलीनीकरण हरलं, घराघरांत रेघ पडली. पुढं ८५ ते ८७ च्या भाषेच्या वादात ती आणखी खोल गेली, कोंकणीला राजभाषा करणारा कायदा आला, आणि मराठी म्हणणाऱ्याला तू महाराष्ट्राचा हस्तक, घाट्यांचा माणूस असं ऐकावं लागलं. आमच्या बाजूच्यांनीही कोंकणीवाल्यांना काय कमी बोललं नाही, बोली काय भाषा असते का म्हणून हिणवलं, ते सगळं मी लहानपणी जेवणाच्या पाटावर ऐकलंय. एकाच कुळाची माणसं, एकच कुलदैवत, ताटात तेच माशाचं हुमण, आणि बोलणं बंद.

हेन्री ताश्फेल हा पोलिश ज्यू मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेला, सुटून आला तर घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. गट पडायला कमीत कमी काय लागतं हा प्रश्न त्यानं आयुष्यभर सोडला नाही. १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यानं शाळकरी मुलांना सांगितलं की तुम्हाला क्लेची चित्रं आवडली, तुम्हाला कांडिन्स्कीची, म्हणून हे दोन गट. गटात कोण आहे तेही मुलांना माहीत नव्हतं. मग पैसे वाटायला दिले, स्वतःला काही मिळणार नाही, फक्त दुसऱ्यांना वाटायचे. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं हे तर झालंच, पण बऱ्याचदा त्यांनी आपल्या गटाला एकूण थोडं कमी मिळालं तरी चालवून घेतलं, समोरच्यापेक्षा जास्त मिळालं म्हणजे झालं. दोन चित्रकारांवरून हे होत असेल तर एका लिपीवरून, एका चेकपोस्टवरून काय होणार नाही. सावंतवाडीचा माणूस कोल्हापूरकडच्याला घाटी म्हणतो आणि तोच पत्रादेवीचा चेकपोस्ट ओलांडून आमच्याकडे कुंडईच्या फॅक्टरीत कामाला लागला की तो स्वतः घाटी. माणूस तोच, रेघ तेवढी सरकली.

आता शाळेचं. इथं मला खरं बोलायचंय.

गोव्यात १९९० पासून सरकारी अनुदान फक्त मराठी-कोंकणी अशा आपल्या भाषांतल्या प्राथमिक शाळांना होतं, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही सुरू झालं. माध्यमाचा तो वाद इथं उकरून काढायचा नाही मला, त्यावर दोन्ही बाजूंनी रान पेटलेलं आहे. मला फक्त त्याच्या आजूबाजूला काय झालं ते दाखवायचंय. स्थानिक घरांनी आपली मुलं गावच्या सरकारी मराठी शाळेतून काढून बसनं लांबच्या शाळेत घातली, पट घसरला, कितीतरी शाळा बंद पडल्या नाहीतर एकमेकींत विलीन झाल्या, आणि ज्या शहराजवळ, औद्योगिक वसाहतींजवळ टिकल्या त्या बऱ्याच ठिकाणी टिकल्या कुणामुळे, तर कामगारांच्या पोरांमुळे. घरी कन्नड, लमाणी, हिंदी, उडिया बोलणारी पोरं आमच्या मराठी शाळा चालवतायत. मराठी वाचवा म्हणून भाषण करणाऱ्यांची नातवंडं तिथं नाहीत. जी एक जागा होती जिथं, शेरीफच्या त्या फसलेल्या कॅम्पसारखी, रेघ पडायच्या आधीच दोस्ती झाली असती, जिथं सहा वर्षांचं पोर दुसऱ्या पोराशेजारी एकाच बाकावर, एकाच दर्जानं, एकच पाढा पाठ करत बसलं असतं, ती आपणच रिकामी केली, आणि मग म्हणतो ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत.

माझी मुलगी सरकारी शाळेत गेली, चौथीपर्यंत. घरात बराच विरोध होता. दुसरीत तिची मैत्रीण झाली एक, तिला इथं रेणुका म्हणूया, वडील सेंट्रिंगच्या कामावर, गाव गदगकडचं. ती गणेश चवथीला आमच्याकडे आली, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसली, आणि सगळ्या आरत्या न अडखळता म्हणाली, कारण शाळेत बाईंनी शिकवल्या होत्या. सासूबाई खूश. नेवऱ्या बांधून दिल्या. आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "गोड गो चेडूं, घाट्यांतली दिसनाच!"

हे वाक्य प्रेमानं आलं होतं, त्यात खोट काही नव्हती. पण पूर्वग्रह टिकतो तो बरोबर इथंच टिकतो. एक माणूस आवडला की त्याला आपण त्याच्या गटातून उचलून बाहेर ठेवतो आणि गटाबद्दलचं मत जसंच्या तसं राहतं. आमचा यल्लप्पा प्रामाणिक, आमची कामवाली सोन्यासारखी, आमचा भाडेकरू देवमाणूस, बाकीचे मात्र चोर. प्रत्येक घराचा एकेक चांगला घाटी आहे, आणि ते सगळे एकत्र करून कुणी बेरीज करतच नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत मुलीच्या वाढदिवसाला, शाळेच्या नाटकाच्या तालमींना पोरांचा घोळकाच घरी यायला लागला, यातला एक मस्तीखोर, एक रडकी, एक हुशार पण आळशी, एकाला तर सासूबाईंनी कान धरून अंगणातून हाकललं कारण त्यानं जास्वंदीची फांदी मोडली. त्याच्यानंतर त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं. अपवाद एकाला करता येतो, इतक्या जणांना कसा करणार? आता त्या पोरांबद्दल नावानं बोलतात, चांगलंही आणि वाईटही, आणि मला वाटतं वाईट बोलताना नाव घेणं हेच जास्त मोठं आहे.

१९७१ ला टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना कोर्टाच्या आदेशानं एका वर्गात बसवलं तेव्हा मारामाऱ्या झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यानं वर्गात बसून पाहिलं तर दिसलं की तिथं सगळी चढाओढ, बाईंनी प्रश्न विचारला की हात वर करायचा, दुसऱ्याचं चुकलं की आपला नंबर. त्यानं पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धडा तुकड्यांत वाटून दिला, प्रत्येकाकडे एकच तुकडा, बाकीचा हवा तर दुसऱ्याकडून ऐकूनच घ्यायचा, आणि परीक्षा सगळ्या धड्यावर. कार्लोस नावाचा मुलगा इंग्रजी अडखळत बोलायचा, आधी पोरं त्याला हसली, मग त्यांच्या लक्षात आलं की याचा तुकडा नाही कळला तर मार्क आपलेच जाणार, तेव्हा त्याला नीट प्रश्न विचारायला लागली, आणि तो बोलायला लागला. मी हे माझ्या वर्गात करते. बागलकोटच्या मुलाकडे ताश्फेलचा तुकडा, मडकईच्या मुलीकडे शेरीफचा. अकरावी-बारावीत उशीर झालेला असतो खरं तर, तोवर कोण कुणाच्या बाकावर बसतं ते ठरून गेलेलं असतं, पण काहीतरी हलतं एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि ही माझी एकटीची भाबडी आशा नाही. २००६ साली पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप या दोघांनी पाचशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले, संपर्क वाढला तिथं पूर्वग्रह कमी हेच बहुतेकांत दिसलं, आणि ऑलपोर्टच्या अटी जिथं पाळल्या गेल्या तिथं तर जास्तच. अटी पाळायला गोव्यात काही नवीन बांधायची गरज नाही. शाळा आहेत, बाई आहेत, माध्यान्ह आहार आहे, पोरं आहेत. अर्धीच पोरं आहेत एवढंच.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा पहिलीत. शाळा घरापासून चालत पाच मिनिटं, शिक्षिका इतक्या मनापासून शिकवणाऱ्या की मी त्यांच्याकडून वर्ग सांभाळायला शिकलेय. बहीण म्हणते, "बाय, तिथं सगळी घाट्यांचीच पोरं गो, हा एकटा पडेल." मी तिला म्हटलं, एकटा पडेल हे खरं आहे, म्हणून एकट्याला घालूच नको. वाड्यावर त्याच्या वयाची अजून चार पोरं आहेत, त्यांच्या आया आमच्याच ओळखीच्या, एकीचा नवरा तर मराठीच्या प्रत्येक मोर्चात पुढं. त्यांना घेऊन शनिवारी शाळेत जाऊया, वर्गात बसूया, शिक्षिकांशी बोलूया, पोरं काय वाचतात ते ऐकूया, मग काय ते ठरवा. दोघी हो म्हणाल्यात. मोर्चावाल्यांच्या बायकोनं अजून काही सांगितलेलं नाही, तिच्याकडे उद्या परत जाणार आहे.